हिवाळ्यात अळी कुठं जाते?

(छत्रपती संभाजीनगर येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठकीच्या पत्रकात आमच्या नावापुढं विषय छापला आहे 'हिवाळा आणि रानातली जनावरं'. तो वाचून सकाळपासून चार-पाच जणांनी विचारलं, की कापसाच्या भावाचं सोडून तुम्ही हे पाखरांचं काय काढलं? भावाचं बोलायला दुपारचं सत्र आहे आणि तिथं आम्हीही बोलणार आहोत. पण थंडी पडली की रानातला प्रत्येक जीव पुढच्या पावसापर्यंतचा हिशेब लावून बसतो, आणि त्यातल्या दोन-तीन जीवांच्या हिशेबात आपला कापूस आणि आपली ज्वारी जमेच्या बाजूला लिहिलेली असते. तो हिशेब आपण वाचला नाही तर भाव मिळूनही घरात काही येणार नाही. म्हणून हा विषय.

शाळेच्या पुस्तकात हिवाळा म्हटलं की बर्फ असतो. अस्वल गुहेत झोपतं, ससा पांढरा होतो. तो थंड मुलखातला हिवाळा. आपल्याकडं थंडी पडून पडून किती पडते? डिसेंबरात पारा आठ-दहा अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली, आणि दुपारी पुन्हा सदरा काढायची वेळ येते. मराठवाड्यातल्या रानाला गारठ्याची भीती फारशी नाही. त्याला भीती आहे ती कोरड पडण्याची. परतीचा पाऊस गेला की जूनपर्यंत आठ महिने वरून थेंब पडेल याची खात्री नाही. हिवाळा ही त्या आठ महिन्यांची सुरुवात. त्यामुळं आपल्याकडची झाडं-जनावरं हिवाळ्यात जी तयारी करतात ती उन्हाळ्याची असते.

माळावरची कुसळी बघा. दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं आणि धोतराला, लुगड्याला कुसळं टोचायला लागतात. त्या कुसळाला खाली अणकुचीदार बी आणि वर पीळ घातलेली शेपटी असते. रात्री दहिवर पडलं की पीळ उलगडतो, दिवसा ऊन लागलं की पुन्हा आवळतो. असं उलगडत-आवळत ते बी स्वतःला गिरमिटासारखं जमिनीत फिरवून घेतं. मार्गशीर्षातल्या गार रात्रींचा आणि तापत्या दुपारचा उपयोग त्या गवतानं पेरणीसाठी करून घेतला आहे. मेंढपाळांना हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे, कारण तीच कुसळं मेंढीच्या कातडीत शिरतात.

गौताळ्याच्या डोंगरात जानेवारी-फेब्रुवारीत जाऊन बघितलं तर सालई, साग, पळस पानं टाकत असतात. पान म्हणजे पाणी उडून जायची वाट. पाणी तुटलं की झाड ती वाट बंद करतं, आणि पळस-सावरीसारखी झाडं उघड्या फांद्यांवरच फुलं धरतात. बेडूक तर त्याआधीच मातीत खाली गेलेला असतो. साप बिळातून दुपारी उन्हापुरता बाहेर येतो. चिंकाऱ्याला पाला आणि बोरं खाऊन त्यातल्या ओलीवर दिवस काढता येतात.

आणि रोही, रानडुक्कर? ते काय करतात ते तुम्हाला सांगायला नको. डोंगरावरचं गवत वाळून काडी झालं की त्यात कस राहत नाही. त्या वेळी आसपास हिरवं असतं ते फक्त आपलं शेत. हरभरा, गहू, तूर, ज्वारी. जनावर आपल्या हिशेबानं बरोबर वागतं. चूक आहे ती त्याचा चारा आपल्या खात्यावर टाकणाऱ्या व्यवस्थेची. १९७२ चा वन्यजीव कायदा सगळ्या देशानं केला, त्याचा खर्च मात्र डोंगराकडेचे चार एकरवाले भरतात. पंचनामा, भरपाई यांवर संघटनेनं अनेकदा बोललेलं आहे, आज पुन्हा उगाळत नाही.

आता ज्वारीकडं येऊ. हिवाळ्याशी जमवून घेण्यात आपल्या शाळूला तोड नाही. मीटरभर खोलीची भारी काळी जमीन पिकाला मिळेल असं दीड-दोनशे मिलिमीटर पाणी पोटात धरून ठेवते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरलेली ज्वारी त्या साठवणीवर चार महिने काढते. मुळं दीड मीटरच्या खाली जातात, खोडावर आणि पानाच्या देठावर मेणाची पांढरी भुकटी धरते, पाणी कमी पडलं की पानं गुंडाळून घेते आणि वाट बघते. १९३० च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेलं ३५-१ हे वाण अजून आपल्या शिवारात टिकून आहे ते याच गुणावर. पण जमीनही हिवाळ्यात वाळते, आकसते आणि तिला भेगा पडतात. त्या भेगांतून खालची ओल निघून जाते. म्हणून म्हातारी माणसं एका कोळपणीला अर्ध्या पाण्याची किंमत द्यायची. कोळप्यानं वरची माती भुसभुशीत झाली की भेगा बुजतात. तणनाशक आलं तेव्हापासून तण गेलं की कोळपणीचं काम संपलं असं आपण समजतो. भेगा बुजवायचं काम कोणतंही तणनाशक करत नाही.

ज्वारी निसवली, दाण्यात चीक भरला की भोरड्या येतात. कुठून येतात? मध्य आशियातून, कझाकस्तानच्या बाजूच्या गवताळ मुलखातून. तिकडं त्या उन्हाळ्यात अंडी घालतात आणि पिलांना टोळ-नाकतोडे चारून वाढवतात. चीनच्या शिनज्यांग प्रांतात टोळ आटोक्यात राहावेत म्हणून या पाखरांसाठी दगडांची घरटी रचून देतात. पिलं उडती झाली की थवेच्या थवे आपल्याकडं निघतात. जुलै-ऑगस्टपासून दिसायला लागतात, आणि पळस-पांगाऱ्याच्या फुलातला मध पिऊन मार्च-एप्रिलात परत जातात. म्हणजे हे पाखरू तिकडं पीक राखणारं आणि इकडं पीक खाणारं. अर्थात इकडंही ते हरभऱ्यातल्या घाटेअळ्या टिपतं, तेवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

जायकवाडीचंही तसंच. १९७६ साली धरणाचं उद्घाटन झालं आणि नाथसागराचं उथळ पाणी पसरलं. बाहेरच्या पाखरांना ती आयती उतरायची जागा झाली. १९८६ मध्ये ते पक्षी अभयारण्य जाहीर झालं. तलवार बदकं, थापट्या, चक्रवाक, रोहित येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला राजहंस तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. सात हजार मीटरच्या वर तो उडताना नोंदला गेला आहे. एवढ्या उंचीवर विरळ हवेत माणसाला दोन पावलं टाकताना धाप लागते. शहरातली मंडळी दुर्बिणी घेऊन पैठणला येतात, त्यांना हे सगळं बघायला मिळतं, आणि आनंद आहे. गाळपेर करणाऱ्याला मात्र रात्री हेच हंस हरभऱ्यात उतरलेले ऐकू येतात. त्यातले कित्येक जण मूळचे धरणग्रस्त. जमीन पाण्यात गेली आणि पाणी ओसरतं तिथं पेरलं तर पाखरं वाटा मागतात. दोन्ही चित्रं खरी आहेत.

भोरड्यांवर परत येतो, कारण त्यात एक गोष्ट दडलेली आहे. पूर्वी सगळं शिवार शाळूचं असायचं. माळ्यावर पोरं, हातात गोफण, पहाटेपासून आरडाओरडा. भोरड्या यायच्या, पण हजार एकरांवर वाटल्या जायच्या. आज काय होतं? कापूस, ऊस, मका आला. शिवारात ज्वारी उरली दोघा-तिघांची, तीही अर्धा-एक एकर घरच्या भाकरीपुरती आणि कडब्यापुरती. सगळा थवा त्या एका तुकड्यावर उतरतो आणि दोन दिवसांत कणसांची पिशी करून जातो. तो शेतकरी पुढच्या वर्षी पेरत नाही. मग उरलेल्यावर आणखी गर्दी. आम्ही ज्या गावांत फिरतो तिथं 'ज्वारी का सोडली' विचारलं तर भाव परवडत नाही हे पहिलं उत्तर येतं, काढणीला माणूस मिळत नाही हे दुसरं, आणि 'एकट्यानं पेरून पाखरांना घालायची का' हे तिसरं. या तिसऱ्या कारणाची नोंद कोणत्याही सरकारी कागदात आम्ही पाहिलेली नाही. त्याचा उपाय मात्र गावाच्या हातात आहे. दहा जणांनी लागून लागून, एकाच आठवड्यात पेरलं तर पाखरांचा वाटा तेवढाच राहतो आणि दहा ठिकाणी विभागतो. मागं-पुढं पेरलं तर पहिल्याचं आधी, शेवटच्याचं नंतर, असं ओळीनं सगळ्यांचं जातं.

आता खऱ्या दुखण्याकडं. गुलाबी बोंडअळी.

हा किडा परका नाही. १८४० च्या दशकात भडोचच्या कापसावर सापडलेल्या नमुन्यांवरून त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथून गेलेल्या सरकीतून तो इजिप्तला पोचला आणि १९१७ पर्यंत अमेरिकेत टेक्सासमध्ये. सरकीतून कसा पोचला हे कळलं की त्याचा सगळा डाव कळतो.

पतंग बोंडावर, पातीवर अंडी घालतो. अळी बाहेर आली की लगेच बोंडात शिरते आणि शिरल्याचं भोक बुजून जातं. आत गेली की तुमचा पंप तिच्या कामाचा नाही. फुलात असली तर पाकळ्या एकमेकींना चिकटून डोमकळी होते, तेवढी एक खूण बाहेर दिसते. पाऊसकाळात ती आत पंधरा दिवस खाते, बाहेर पडते, कोष करते, पुन्हा पतंग. ही झाली चालू पिढी.

पण दिवस लहान होऊ लागले की तिच्यात बदल होतो. आपल्याकडं जूनमध्ये सव्वातेरा तासांचा दिवस असतो, डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. लहान दिवस, गार रात्र आणि सुकत चाललेलं बोंड ही तिची दवंडी. पोटभर वाढलेली अळी मग कोष न करता सरकीतच झोपते. दोन सरक्या रेशमाच्या धाग्यानं एकमेकींना जोडते आणि मध्ये बसते. खाणं नाही, हालचाल नाही. कोणी पऱ्हाटीवरच्या न उमललेल्या किडक्या बोंडात बसते, कोणी जमिनीच्या भेगेत, कोणी जिनिंगच्या ढिगात. अशी ती चार-सहा महिने काढते आणि उन्हाळा सरता-सरता पतंग होऊन बाहेर पडते. अस्वलाची झोप आम्ही लांबच्या देशाची गोष्ट म्हणून सांगितली. तशी झोप घेणारा प्राणी आपल्या कुडाला टेकवलेल्या पऱ्हाटीच्या गंजीत आहे. पटत नसेल तर घरी गेल्यावर गंजीतली वीस किडकी बोंडं काढा, फोडा आणि जोडलेल्या सरक्या मोजा. पोरांना सोबत घ्या, त्यांची नजर चांगली असते.

या अळीची एक मोठी कमजोरी आहे. हिरवी बोंडअळी तुरीवर जाते, हरभऱ्यावर जाते, टोमॅटोवर जाते. गुलाबीला मुख्यतः कापूसच लागतो, भेंडी-अंबाडीवर तिचं थोडंफार भागतं एवढंच. जूनच्या आधी जो पतंग निघाला आणि त्याला पाती-फूल मिळालं नाही, तो अंडी न टिकवता मरतो. म्हणजे डिसेंबर ते जून शिवारात हिरवा कापूस नसला तर तिचा वंश आपोआप तुटत जातो. आणि आपण काय करतो? एका टोकाला फरदड ठेवतो. जानेवारीत एक पाणी, एक युरिया, पुन्हा फुलोरा. तिला झोपायचीच गरज राहत नाही. दुसऱ्या टोकाला मे महिन्यात ठिबकवर धूळपेर करून लवकर निघालेल्या पतंगासाठी पाती तयार ठेवतो. आठ महिन्यांच्या कोरड्या काळात सगळं रान काटकसर करत असताना या एका जीवाला आपण दोन्ही वेळचं ताट वाढतो.

बीटीचं काय झालं, असं कोणी विचारेल. २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचं बीटी आलं. त्याच्या स्वातंत्र्यासाठी ही चळवळ लढली आणि त्याबद्दल आम्हाला आजही पश्चात्ताप नाही. हिरव्या बोंडअळीचा त्रास त्यानं कमी केला हे तुम्ही अनुभवलेलं आहे. पण गुलाबीनं २००९ मध्ये गुजरातेत पहिल्या जनुकाला दाद दिली नाही, २०१५ मध्ये तिथं दोन जनुकांच्या कापसावरही ती फोफावली, आणि २०१७ मध्ये आपल्याकडं काय झालं ते सांगायला नको. उभ्या पिकात नांगर घातलेले शेतकरी इथं बसलेले असतील. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. पाकिटासोबत नॉन-बीटीची वेगळी छोटी पुडी यायची ती कडेनं लावायची होती, म्हणजे अळीची सगळी जात बीटीला सरावणार नाही. ती आपल्यातल्या किती जणांनी लावली? हात वर करा म्हटलं तर अवघड होईल, म्हणून म्हणत नाही.

अमेरिकेनं २०१८ मध्ये जाहीर केलं की तिथल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपली. तेच बीटी. पण त्याच्या जोडीला नपुंसक केलेले पतंग सोडले, कामगंध सापळे लावले, आणि ठरलेल्या तारखेच्या आत प्रत्येकानं पऱ्हाट्या मोडून जमिनीत घातल्या. शिवाय तिथलं कापसाचं वाण लवकर आटोपणारं. आपल्याला मात्र सहा-सहा महिने उभे राहणारे संकरित वाणच दुकानात मिळतात, कारण त्यांचं बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं. कमी दिवसांचं, दाट लावायचं, घरी बी धरता येईल असं वाण का मिळत नाही, हा प्रश्न दुपारच्या सत्रात आपण ठरावात घालू.

फरदड ठेवणाऱ्याला मूर्ख म्हणायला आम्ही आलेलो नाही. कृषी खातं दर डिसेंबरला फलक लावतं, 'फरदड घेऊ नका'. फलक लावणाऱ्याला पगार असतो. शेतकरी फरदड घेतो कारण पहिल्या तीन वेचण्यांत खर्च निघालेला नसतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, कापूस अजून पात्यांत असताना, केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं आणि वर्षअखेरपर्यंत ते काढलेलंच ठेवलं. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव ८,११० रुपये कागदावर होता, आणि खेड्यात येणारा व्यापारी काय देत होता ते तुमच्या पावत्या सांगतील. अशा वेळी दीड-दोन क्विंटल फरदड म्हणजे दुकानाची उधारी. आम्हाला हे कळतं, आमच्याही घरी ती उधारी असते.

तरीही हिशेब मांडून बघा. फरदडीचा कापूस म्हणजे बहुतेक कवडी, भाव निम्म्याच्या आसपास. त्यातून पाणी, खत, वेचणी वजा करा. मग पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच शिवारात ज्या दोन-तीन फवारण्या वाढतात त्या धरा, आणि त्या फक्त तुमच्या नाहीत, शेजाऱ्याच्याही. पतंग बांध ओळखत नाही. भोरड्यांचं जे गणित तेच उलट्या बाजूनं इथं लागू होतं. एकट्यानं ज्वारी पेरली तर तो बुडतो, आणि एकट्यानं फरदड ठेवली तर गाव बुडतं.

मायबहिणींचा एक प्रश्न सकाळीच आला आहे, तो रास्त आहे. पऱ्हाटी जाळली, गाडली तर चुलीला काय घालायचं? सिलिंडर आहे, पण भरायला पैसे लागतात. आमचं म्हणणं असं. पऱ्हाटी उपटण्याआधी आठ-दहा दिवस शेळ्या-मेंढ्या शेतात सोडा. हिरवी बोंडं, पाती, पाला त्या खाऊन टाकतात, अळीसकट. उरलेली किडकी बोंडं झोडून खाली पाडा, गोळा करा आणि जाळा. मग नुसती काडी सरपणाला ठेवायला हरकत नाही, तीही मार्चअखेरपर्यंत संपेल एवढीच. बोंडं लगडलेली गंजी बांधावर किंवा घरामागं जूनपर्यंत ठेवू नका. ज्या गावात पऱ्हाटी बारीक करायचं यंत्र भाड्यानं मिळतं तिथं ती शेतातच कुटलेली सगळ्यांत बरी, जमिनीला कस मिळतो. जिनिंगच्या जवळ ज्यांची शेतं आहेत त्यांनी जिनिंगवाल्यांशी बोलून सरकीच्या ढिगाभोवती कामगंध सापळे लावून घ्यावेत, आणि एप्रिल-मेमध्ये त्यांत किती पतंग अडकले ते वहीत लिहून ठेवावं.

फलाट्यावर बसलेल्या कार्यकर्त्यांकडं गाववार कागद दिले आहेत. त्यात तीन रकाने आहेत. गावात कापूस उभा असलेले एकर, शेवटची वेचणी कधी, आणि पऱ्हाटी काढायची गावानं ठरवलेली तारीख. तारीख डिसेंबरच्या आत धरता आली तर उत्तम, नाहीतर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, पण सगळ्या शिवाराची एक. चौथा रकाना आम्ही हातानं आखला आहे, पुढच्या वर्षी लागून लागून ज्वारी पेरायला तयार असलेल्यांची नावं. वैजापूर, गंगापूर, पैठणकडच्या मंडळींनी मेंढपाळांचे वाडे कधी आपल्या भागात उतरतात ते विचारून तारीख धरा, म्हणजे शेत बसवायचंही काम होईल आणि मेंढरांना चाराही. भरलेले कागद जेवणाआधी जमा करा. जेवणानंतर भावाचं सत्र आहे.